सुधारून वाढवलेली आवृत्ती

मराठी पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’ हे शब्द दिसले, की आपण प्रकाशकाकडे संशयाने पाहत नाही. लेखक आपल्या लिखाणाकडे पुन्हा वळला, त्याने चुका मान्य केल्या, राहून गेलेले भरून काढले, असे समजून आपण त्या परिश्रमांचा मानच राखतो. हा न्याय व्हिडिओ गेमला मात्र लावायचा नाही, असे सुशिक्षितांनी आपसांत ठरवून टाकलेले दिसते. ‘स्ट्रीट फायटर टू’ या जपानी खेळाच्या वाट्याला गेली तीस वर्षे जी टिंगल आली आहे, ती या पंक्तिप्रपंचाचाच परिणाम होय, असे आमचे मत आहे.

टिंगल करणे सोपे आहे. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर टू : द वर्ल्ड वॉरियर’ काढला. १९९२ साली त्याचीच ‘चॅम्पियन एडिशन’ निघाली, आणि ते वर्ष सरण्यापूर्वी ‘टर्बो : हायपर फायटिंग’. १९९३ साली ‘सुपर स्ट्रीट फायटर टू : द न्यू चॅलेंजर्स’, आणि १९९४ साली ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो’. तीन-सव्वातीन वर्षांत एकाच खेळाच्या पाच आवृत्त्या! या कंपनीला तीनपर्यंत मोजता येत नाही, हा विनोद तेव्हाच रूढ झाला. १९९७ साली तिसरा भाग एकदाचा आला, तरी विनोद थांबला नाही. कारण १९९९ पर्यंत त्या तिसऱ्या भागाच्याही तीन आवृत्त्या झाल्या होत्या. विशेषणांवर विशेषणे रचलेली ही नावे वाचून हसू येते, हे आम्हीही कबूल करतो. पण हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी नावाच्या आत डोकावून पाहिलेले असते.

आमचे म्हणणे दुहेरी आहे. ज्या आवृत्त्यांची टर उडवली गेली, त्या खऱ्या अर्थाने संस्कारित आवृत्त्या होत्या आणि त्यांच्यातूनच हा खेळ घडला. आणि त्यांच्या जागी गेल्या दशकात जी पद्धत आली, जिची टर कोणीच उडवत नाही, ती मात्र आवृत्ती या कल्पनेचाच घात करणारी आहे.

ज्यांनी आर्केड यंत्रासमोर कधी उभे राहून पाहिलेले नाही, अशा वाचकांसाठी थोडे विषयांतर. या खेळात समोरासमोर दोन लढवय्ये असतात. खेळाडूच्या डाव्या हाती एक दांडी, उजव्या हाती सहा बटणे : तीन ठोशांची, तीन लाथांची, हलका, मध्यम आणि जोरकस. तीनपैकी दोन डाव जिंकेल तो जिंकला. हरलेल्याने उठावे किंवा पुन्हा नाणे टाकावे. जिंकलेला मात्र त्याच नाण्यावर खेळत राहतो. जपानी गेम सेंटरांत दोन यंत्रे पाठीला पाठ लावून ठेवीत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा चेहराही दिसत नसे. शंभर येनचे नाणे पलीकडून पडले, की आव्हान आले असे समजायचे. अमेरिकेत आपल्या पाळीचा दावा म्हणून पंचवीस सेंटचे नाणे काचेच्या कडेला ठेवायची रीत होती. याचा अर्थ असा, की खेळातला प्रत्येक दोष अनोळखी माणसे रोज स्वतःच्या पैशाने तपासून पाहत होती. कोणत्याही पुस्तकाला इतके कसून वाचणारा वाचकवर्ग क्वचितच लाभला असेल.

आता त्या पाच आवृत्त्यांकडे वळू.

१९९१ च्या पहिल्या आवृत्तीत निवडता येण्याजोगे लढवय्ये आठच होते. आणखी चौघे होते, पण ते फक्त संगणकाच्या हाती. दोन्ही खेळाडूंना एकच लढवय्या घेता येत नसे. पहिल्याने ऱ्यू घेतला, तर दुसऱ्याला ऱ्यू मिळत नाही. गाइल हा अमेरिकी सैनिक इतरांपेक्षा उघडच वरचढ होता. म्हणजे चांगला लढवय्या कोणाला मिळतो यावरच निम्मी लढत ठरायची. १९९२ च्या ‘चॅम्पियन एडिशन’ने हा अन्याय एका फटक्यात दूर केला. दोघांनाही एकच लढवय्या घेण्याची मुभा मिळाली, आणि त्या चौघांची दारेही खेळाडूंना उघडली. या आवृत्तीचे जपानी नाव पाहण्यासारखे आहे : ‘टू’च्या आकड्याशेजारी वर एक बारीक रेघ, गणितात ‘क’ आणि ‘क-डॅश’ लिहितो तशी. नवे काही निर्माण केल्याचा आव नाही. तीच राशी, किंचित बदललेली. नामकरणातला असा प्रामाणिकपणा प्रकाशनव्यवहारात दुर्मिळ म्हणावा लागेल.

मात्र त्या चौघांतला लाल गणवेशातला हुकूमशहा खेळाडूंच्या हाती आल्यावर भलताच प्रबळ ठरला. दुसरीकडे या खेळाचे चोरटे, फेरफार केलेले बोर्ड बाजारात फिरू लागले होते. ‘रेनबो एडिशन’ या नावाने जो प्रकार ओळखला जातो, त्यात लढवय्ये हवेत असताना अग्निगोळे सोडीत, ते गोळे वाट बदलून माणसाचा पाठलाग करीत, आणि लढत चालू असतानाच एका लढवय्याचा दुसरा होई. हा शुद्ध धुडगूस होता; पण धुडगूस असूनही त्याला गिऱ्हाईक होते, आणि तो मूळ खेळापेक्षा वेगवान होता. ‘हायपर फायटिंग’ने त्यातून घेण्यासारखे तेवढे घेतले. वेग वाढवला, हुकूमशहाला वेसण घातली, चुन-लीला अग्निगोळा दिला आणि धालसिमला अंतर्धान पावून दुसरीकडे प्रकट होण्याची विद्या दिली. चोरट्या प्रतीतली प्रक्षिप्ते वाचून मूळ संपादकाने आपली संहिता सुधारावी, असा हा प्रकार. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांनी याची दखल घ्यायला हरकत नव्हती.

१९९३ च्या ‘सुपर’ने चार नवे लढवय्ये आणले, चित्रे आणि आवाज नव्याने सजवले, पण वेग पुन्हा खाली आणला. खेळाडूंना ते रुचले नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. पुढच्याच वर्षी ‘सुपर टर्बो’त वेग परत आला. शिवाय भरत जाणारी एक पट्टी आली, ती भरली की एकदाच वापरता येणारा महाप्रहार आला, आणि प्रतिस्पर्ध्याने पकडून आपटले तरी वेळीच हालचाल केल्यास मार कमी करून घेण्याची सोय आली. या आवृत्तीच्या स्पर्धा आजही भरतात. एका चुकलेल्या आवृत्तीला तिच्या वाचकांनी दिलेला अभिप्राय वर्षभराच्या आत पुढच्या आवृत्तीत उतरला. आपल्याकडच्या किती ग्रंथकारांविषयी असे म्हणता येईल?

या मालिकेचा प्राणच मुळी चुकीतून आलेला आहे. एका प्रहाराला जोडून, समोरच्याला सावरू न देता, दुसरा आणि तिसरा प्रहार करणे, ज्याला खेळाडू ‘काँबो’ म्हणतात, ते पहिल्या आवृत्तीत योजलेले नव्हते. मोटार फोडायच्या बोनस फेरीत दोष तपासत असताना ठराविक क्षणी जादा फटके बसू शकतात हे ध्यानात आले, आणि ते तसेच राहू दिले, असे कॅपकॉमच्या नोरिताका फुनामिझु यांनी पुढे सांगितले आहे. १९९३ च्या ‘सुपर’पर्यंत तीच चूक इतकी प्रतिष्ठित झाली, की यंत्र पडद्यावर तिची मोजदाद करून गुण देऊ लागले. चूक, तिची ओळख, तिचा स्वीकार आणि शेवटी तिचे नियमात रूपांतर, असा हा प्रवास आवृत्त्यांच्या पायऱ्यांवाचून घडूच शकला नसता.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो आम्ही टाळणार नाही. हे सारे पैशासाठी केले, असे म्हणतात. अर्थातच पैशासाठी केले! आर्केडच्या मालकाला नवा बोर्ड विकत घ्यावा लागे, आणि घरी सुपर निन्टेन्डोवर खेळणाऱ्या मुलाच्या पालकांना प्रत्येक वेळी पूर्ण किमतीचे कार्ट्रिज. पण गिऱ्हाईक आंधळे नव्हते. सुपर निन्टेन्डोवर पहिल्या आवृत्तीच्या ६३ लाख, ‘टर्बो’च्या ४१ लाख आणि ‘सुपर’च्या २० लाख प्रती गेल्या, असे खुद्द कॅपकॉमचे आकडे सांगतात. ज्यांना पुरे वाटले, ते थांबले. ज्यांना जुनीच बरी वाटली, त्यांच्याकडे जुनी होतीच. आणि आमच्या मते सगळी गोम येथे आहे : त्यांच्याकडे जुनी होतीच. नवा बोर्ड आला म्हणून शेजारच्या यंत्रातला जुना बोर्ड बदलून जात नव्हता. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी उभी राही, आणि दोहोंतली उजवी कोणती हे नाणे टाकणारा ठरवी.

त्या काळाचे उदात्तीकरण करण्याचा आमचा हेतू नाही. ‘सुपर’पासून कॅपकॉमने बोर्डावरची आज्ञावली सांकेतिक केली आणि तिची किल्ली एका बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत ठेवली. उद्देश चोरट्या प्रती रोखण्याचा होता. परिणाम असा, की ती बॅटरी संपली की रीतसर पैसे मोजून घेतलेला बोर्डही कायमचा मुका होई. हौशी लोकांनी तिला ‘आत्महत्येची बॅटरी’ हे सार्थ नाव दिले. ग्रंथ ठराविक वर्षांनी आपोआप जळून जावा अशी तजवीज प्रकाशकानेच करून ठेवावी, तसे हे झाले. २००७ साली हौशी संशोधकांनी ते सांकेतिक कुलूप उलगडले, म्हणून त्या आवृत्त्या वाचल्या. कंपनीने त्या वाचवल्या नाहीत.

आपल्याकडचा अनुभव याहून वेगळा नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना हा खेळ अधिकृत मार्गाने भेटलाच नाही. तो भेटला नक्कल केलेल्या कार्ट्रिजांतून, नाक्यावरच्या व्हिडिओ गेम पार्लरच्या जुनाट यंत्रांतून आणि पुढे संगणकावर जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमधून. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध ‘मेम’ १९९७ साली सुरू झाला. पाचही आवृत्त्या शेजारीशेजारी मांडून तुलना करण्याची चैन आम्हांला पहिल्यांदा परवडली ती या आडवाटेने. हे कायद्यात बसत नव्हते, याची आम्हांला जाणीव आहे. पण संहिता जपण्याचे काम हक्कदाराने टाकले आणि बिनहक्काच्यांनी उचलले, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

जुनी आवृत्ती जिवंत ठेवल्याने काय साधते, याचे उत्तर या मालिकेनेच दिलेले आहे. ‘सुपर टर्बो’त एक सांकेतिक क्रम वापरला की आधीच्या ‘सुपर’मधले लढवय्ये निवडता येतात. त्यांना महाप्रहार नाही, आपटण्यातून सावरण्याची सोय नाही. तरीही जुना सगात इतका बलवान ठरला, की जपानी खेळाडूंनी तो न घेण्याचा अलिखित संकेत आपसांत पाळला. त्याच आवृत्तीत दडवलेला गोकी, ज्याला जपानबाहेर अकूमा म्हणतात, तो तर स्पर्धांमधून सरळ वर्ज्य झाला. कंपनीने हुकूम काढला नाही आणि दुरुस्तीही पाठवली नाही. खेळणाऱ्यांनी चर्चा केली, प्रयोग केले आणि निवाडा दिला. समीक्षा म्हणतात ती याहून वेगळी असते काय?

पुढे २००३ च्या अखेरीस जपानात ‘हायपर स्ट्रीट फायटर टू’ आला. त्यात पाचही आवृत्त्यांतले लढवय्ये निवडून एकमेकांशी लढवता येतात : १९९१ चा गाइल विरुद्ध १९९४ चा केन. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठही छापले. हेतू हा, की संपादकाचा निर्णय कोणालाही तपासता यावा. ‘हायपर’ची जात तीच आहे. २०१४ च्या ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोर’मध्येही ही सोय पुन्हा दिली गेली. चौथ्या भागाच्या पाच आवृत्त्यांपैकी हव्या त्या आवृत्तीतला लढवय्या घेऊन खेळता येई. म्हणजे हे कसे करायचे, हे कंपनीला पक्के ठाऊक आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या आरोपाचा आधार तीच आहे.

आता आरोप. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’ आला. एकट्याने क्रमाने लढत जाण्याची जी साधी आर्केड पद्धत १९९१ पासून चालत आली होती, तीही त्यात नव्हती. ती २०१८ च्या जानेवारीत ‘आर्केड एडिशन’बरोबर मिळाली. २०२० साली ‘चॅम्पियन एडिशन’ झाली आणि २०२२ च्या मार्चमध्ये अखेरची मोठी दुरुस्ती. नावे जुन्या थाटाची होती, पण वस्तू निराळी. या आवृत्त्या शेजारी उभ्या राहत नाहीत. नवी येते ती इंटरनेटवरून, आणि जुनीच्या जागेवर बसते. काल रात्री जो लढवय्या ज्या वेगाने हात उगारत होता, तो आज सकाळी तसा उगारत नाही. आणि कालचा पाहायचा म्हटले, तर तो कोठेही नाही. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या सहाव्या भागातही हीच रीत चालू राहिली. २०२४ च्या मेमध्ये अकूमा दाखल झाला, त्याच दुरुस्तीने इतर सर्व लढवय्यांचीही फेररचना केली, आणि पहिल्या वर्षाचा खेळ संपला. चौथ्या भागातली आवृत्ती निवडण्याची सोय पाचव्यात नव्हती आणि सहाव्यातही दिलेली नाही.

याने नेमके काय बिघडते, ते दोन लढतींच्या तुलनेने सांगतो. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या ‘इव्हो’ स्पर्धेत दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांच्यात तिसऱ्या भागाच्या तिसऱ्या आवृत्तीवर लढत झाली. दाइगोच्या केनपाशी जीव जवळजवळ उरलाच नव्हता. वाँगच्या चुन-लीचा महाप्रहार नुसता अडवला असता, तरी त्या अडवण्यातल्या किरकोळ माराने तो संपला असता. त्याने दांडी मागे न ओढता प्रत्येक लाथेच्या नेमक्या क्षणी पुढे ढकलली, एकामागून एक येणारी सगळी लाथांची सरबत्ती परतवली आणि ती लढत जिंकली. ती स्पर्धा त्याने जिंकली नाही, पण स्पर्धेचा विजेता सहसा कोणाला आठवत नाही. हा क्षण सर्वांना आठवतो. आता पाहा : तिसऱ्या भागाच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत चुन-ली नव्हतीच. ती १९९९ च्या ‘थर्ड स्ट्राइक’मध्ये आली. ज्या आवृत्तीबाजीची टिंगल झाली, तिच्यावाचून हा क्षण घडला नसता. आणि ‘थर्ड स्ट्राइक’ २०१८ च्या ‘थर्टिएथ अॅनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये इतर अकरा जुन्या आर्केड खेळांबरोबर रीतसर पुन्हा निघाला. त्यामुळे आज कोणीही तेच दोन लढवय्ये घेऊन, तोच महाप्रहार सोडून, तसे करणे किती कठीण होते हे स्वतःच्या हातांनी अजमावू शकतो.

दुसरी लढत २०१६ ची. त्या वर्षी लास व्हेगासच्या ‘इव्हो’त पाचव्या भागाचे विजेतेपद दक्षिण कोरियाच्या ‘इन्फिल्ट्रेशन’ या नावाने खेळणाऱ्या ली सॉन-वू याने नॅश हा लढवय्या घेऊन मिळवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या दुरुस्तीने नॅशचे बळ बरेच खच्ची केले. नॅश दुबळा करावा की नाही, हा वेगळा वाद आहे, आणि कदाचित करणे योग्यही असेल. पण ज्या नॅशने ती स्पर्धा जिंकली, तो आज अधिकृत मार्गाने कोणालाही खेळता येत नाही. तबकडी जपून ठेवली असेल तर तिच्यावर प्रकाशनदिनाचा कच्चा खेळ आहे, जुलैतला नाही. त्या अंतिम लढतीची चित्रफीत उरली आहे, आणि चित्रफीत म्हणजे खेळ नव्हे. नाटकाची संहिता फाडून टाकायची आणि एका प्रयोगाचे चित्रण तेवढे ठेवायचे, असे कोणी केले तर आपण त्याला काय म्हणू?

कंपनीच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. जुन्या काळी प्रत्येक आवृत्तीला नव्याने पैसे मोजावे लागत, आता समतोलाच्या दुरुस्त्या फुकट मिळतात. शिवाय इंटरनेटवर खेळणाऱ्यांना प्रतिस्पर्धी चटकन मिळायचा, तर सगळे एकाच आवृत्तीवर असावे लागतात. पाच आवृत्त्यांत पाच गट पडले, तर कोणालाच कोणी मिळायचे नाही. हे दोन्ही मुद्दे आम्हांला मान्य आहेत. पण त्यांतून एवढेच सिद्ध होते, की मुख्य मैदान एक असावे. एकाच खोलीत बसलेल्या दोन माणसांना, किंवा एकट्याने सराव करणाऱ्याला, मागील वर्षाची आवृत्ती का निवडता येऊ नये, याचे उत्तर त्यांत नाही. लढवय्याची प्रत्येक चाल म्हणजे अखेर आकड्यांची एक यादी असते : प्रहार कितव्या क्षणी लागतो, किती इजा करतो, सावरायला किती वेळ घेतो. ती यादी साठवणे अवघड असते, तर २०१४ साली पाच याद्या एकाच खेळात नांदल्या नसत्या.

उलट बाजूने, सततच्या दुरुस्तीने खेळाडूचे वाचनही उथळ होते. ‘थर्ड स्ट्राइक’मधली चुन-ली आजही इतरांच्या मानाने अवाजवी बलवान आहे. तिला कोणी वेसण घातली नाही, म्हणून खेळाडूंनी वर्षानुवर्षे तिच्यावरचे उपाय शोधले. आज एखादा लढवय्या जड जाऊ लागला, की अभ्यास करण्याऐवजी पुढच्या दुरुस्तीची वाट पाहायची सवय लागते, आणि दुरुस्ती येतेही. संहिता स्थिर नसेल, तर तिच्यावर भाष्य कोण लिहील?

याहून गंभीर असा एक प्रकार आहे तो मुकाट फेरफारांचा. दुसऱ्या भागात सुमो पैलवान होंडाच्या स्नानगृहाच्या भिंतीवर उगवत्या सूर्याची किरणे फाकलेली दिसत. जपानी सैन्याच्या ध्वजावरचे ते चिन्ह कोरिया आणि चीनमधल्या लोकांच्या जखमेवर मीठ चोळणारे आहे. २०२१ च्या ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’ या संग्रहात ही किरणे काढून टाकली गेली. काढण्यामागची भावना आम्ही समजू शकतो, तिचा आदरही करतो. आमची तक्रार एवढीच, की खेळाच्या आत त्याविषयी एक ओळही नाही. १९९१ चा खेळ म्हणून जो आपल्यापुढे ठेवला जातो, तो १९९१ चा नव्हे, आणि नव्या वाचकाला हे कळण्याचा मार्ग नाही. टीप द्यायला हवी होती. ‘मूळ चित्रात येथे अमुक होते, अमुक कारणाने काढले’, एवढे लिहिल्याने जखम लपतही नाही आणि चिघळतही नाही.

हे आम्ही तटस्थपणे सांगत नाही. यात आमचाही हिशेब आहे. त्याच खेळात धालसिम नावाचा भारतीय आहे. गळ्यात कवट्या, तोंडातून आग, हातपाय रबरासारखे लांबणारे आणि मुखी सदैव ‘योगा’चा गजर. लढण्याचे स्थळ म्हणजे हत्तींच्या रांगा आणि मागे गजमुख देवाचे चित्र. त्याला मुलगा आहे आणि त्याचे नाव दत्ता. एवढ्या नावापुरता तो आम्हांला घरचा वाटतो. बाकी सारे परक्याने दुरून पाहिलेले. तो गावाच्या भल्यासाठी लढतो, आणि त्या कवट्या साथीत मेलेल्या मुलांच्या आहेत, असे कथेत सांगितले आहे. हे स्पष्टीकरण उदात्त असेल, पण पडद्यावर दिसतो तो कवट्या घातलेला, आग ओकणारा योगीच. दुसऱ्या भागाच्या पाच आवृत्त्यांत त्याचे प्रहार, वेग, अंतर सारे तपासले गेले; ही प्रतिमा कोणी तपासली नाही. उद्या कॅपकॉमला उपरती झाली आणि जुन्या खेळातला धालसिम कवट्या उतरवून पुन्हा रंगवला गेला, तर आम्हांला आनंद होईल काय? मुळीच नाही. १९९१ साली एका जपानी स्टुडिओने भारत कसा कल्पिला, त्याचा तो पुरावा आहे. तो आमच्याविरुद्धचा नाही, त्यांच्याविषयीचा आहे. आणि तो नष्ट करण्याचा अधिकार आम्ही कोणाला दिलेला नाही. नव्या भागात नवा धालसिम जरूर घडवावा. जुन्याला हात लावू नये.

तेव्हा आमच्या मागण्या तीन आहेत, आणि त्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीआधीची आवृत्ती निदान इंटरनेटविना खेळताना निवडता यावी. जुन्या खेळाचे पुनःप्रकाशन करताना काही काढले किंवा बदलले, तर तसे खेळाच्या आत लिहावे. आणि एखाद्या भागाचे काम थांबवताना त्याच्या सर्व अवस्था एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात पॅकबंद इलेक्ट्रॉनिक प्रकाशने जमा करून घेण्याचा नियम २००० सालापासून आहे. पण इंटरनेटवरून घरोघरी उतरणारी दुरुस्ती पॅकबंद नसते. ती कोणाच्या कपाटात जाणार?

आवृत्त्यांना हसणाऱ्यांना आमचे सांगणे आहे, की त्यांनी एकदा ‘वर्ल्ड वॉरियर’ आणि ‘सुपर टर्बो’ एकापाठोपाठ खेळून पाहावेत. एकाच लढवय्याच्या हातांत तीन वर्षांत काय फरक पडला, तो का पडला, आणि कोणाच्या सांगण्यावरून पडला, हे बोटांना कळेल. ‘स्ट्रीट फायटर सिक्स’च्या २०२३ आणि २०२४ च्या आवृत्त्यांबाबत असाच प्रयोग सुचवावा असे आमच्या मनात होते. तो करता येत नाही. असो.